मदत हवी आहे : आईचं ताई ची सुरू ठेवू की थांबवू? (वय ७१, गुडघ्यांची झीज, नागपूर)

प्रतापनगर_२२

आई ७१ वर्षांची. बीपीची गोळी चालू आहे, शुगर नाही. दोन्ही गुडघ्यांत झीज आहे, उजव्यात जास्त. हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची गरज नाही, व्यायाम करा असं सांगितलं. चालताना तोल जातो म्हणून ती महिन्याभरापासून मोबाईलवर बघून ताई चीचे (सावकाश हालचालींचा चिनी व्यायाम) २४ प्रकार करून राहिली. रोज अर्धा तास, हॉलमध्ये टाइल्सवर, अनवाणी.

आता उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतं, वळताना कळ येते. सकाळी पलंगावरून उठून सुरुवात केली की दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. घराजवळ शिकवणारं कोणी सापडलं नाही. तिला हे मनापासून आवडतं, त्यामुळे एकदम बंद करायला सांगवत नाही. काय करू? आणि या वयात याचा खरंच उपयोग होतो का?

सावकाश

२४ प्रकार आजच थांबवा. ताई ची थांबवू नका.

वळताना आतल्या बाजूला कळ येते हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, चूक कुठे होत असावी ते त्यावरून कळतं. २४ प्रकारांतला दुसराच प्रकार म्हणजे घोड्याची आयाळ दुभागणे. तो डावा, उजवा, डावा असा तीनदा येतो आणि दोन पावलांच्या मध्ये पुढचा पाय बाहेरच्या बाजूला वळवावा लागतो. शिकलेला माणूस आधी वजन मागच्या पायावर नेतो, पुढचा चवडा उचलतो, टाचेवर पाऊल साधारण ४५ अंश फिरवतो, टेकवतो आणि मगच त्यावर वजन आणतो. व्हिडिओत हे सगळं दोन सेकंदांत उरकतं आणि बघणाऱ्याचं लक्ष हातांकडे असतं. मग घरी होतं असं, की वजन असलेल्याच पायावर अंग फिरतं. अनवाणी पाऊल टाइलला धरून राहतं, वरून मांडी फिरते आणि सगळा पीळ मधल्या गुडघ्यात उतरतो. गुडघा बिजागरीसारखा, त्याचं काम मुख्यतः पुढे-मागे. वळायचं काम खुब्याचं. झीज झालेल्या गुडघ्याला हा पीळ रोज अर्धा तास दिला तर तो दुखणारच.

दुसरी नेहमीची चूक खाली बसण्याची. व्हिडिओतला माणूस मांडी जवळपास आडवी करतो. तुमच्या आईंनी तळहाताच्या रुंदीइतकंच खाली यायचं, त्याहून जास्त नाही. खाली बघितल्यावर अंगठ्याचं टोक दिसलं पाहिजे. गुडघ्याच्या वाटीने ते झाकलं तर गुडघा फार पुढे गेला. वाटीचा रोख दुसऱ्या बोटाकडे हवा, आत कलंडायला नको. १६ आणि १७ क्रमांकांत एका पायावर खाली बसून पुन्हा उभं राहायचं असतं. ते दोन्ही त्यांच्यासाठी कायमचे वगळा.

पहिले दोन आठवडे फक्त वजन बदलणं करू द्या. ओट्याला तोंड करून उभं राहायचं, बोटं ओट्यावर नुसती टेकलेली, पावलांत खुब्याइतकं अंतर. पाच सेकंदांत सगळं वजन डाव्या पायावर न्यायचं. उजवा पाय इतका रिकामा झाला पाहिजे की त्याखालून कागद सहज ओढून काढता येईल. मग उजवी टाच उचला, नंतर चवडाही दोन बोटं वर. तीन सेकंद थांबा. ठेवताना आधी चवडा, मग टाच, आणि वजन परत मधोमध. प्रत्येक बाजूला ८ वेळा. श्वास रोखायचा नाही, मोजायचाही नाही. कंबर एका बाजूला लचकली किंवा खांदा कलला तर त्या पायाने वजन पेललेलं नाही. तेव्हा चवडा उचलू नका, टाचेपर्यंतच ठेवा. दिसायला हे काहीच नाही, पण ताई चीचा सगळा जीव यात आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून चालणं. वजन मागच्या पायावर पूर्ण ठेवून दुसरा पाय पुढे न्या. टाच हलकेच टेकवा आणि थांबा. या क्षणी पाय परत मागे घेता आला पाहिजे. येत नसेल तर वजन आधीच पुढे पडलंय, पाऊल लहान करा. मग तळवा टेकवा, मग वजन. दोन्ही पावलं एका रेघेत पडली तर तोल जातो, दोरीवर चालल्यासारखं होतं. फरशीची सांध्याची रेघ मधे ठेवा, डावं पाऊल तिच्या डावीकडे चार बोटं, उजवं उजवीकडे चार बोटं. ओट्याच्या कडेने सहा पावलं पुढे, सहा मागे.

हे जमलं की ‘ढगांसारखे हात’ हा प्रकार. पावलं समांतर, वळायचं फक्त कंबरेपासून वर, आणि नाक, छाती, बेंबी एकाच दिशेला. नुसती मान फिरली तर चक्कर येते.

खुबा-गुडघा-घोटा

वरचं सगळं बरोबर आहे. त्यात दुखण्याचा एक नियम जोडते. ० ते १० मोजलं तर व्यायामात ३ पर्यंत दुखणं चालेल, मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत ते पहिल्याइतकं व्हायला हवं. नाही झालं तर आधी खाली बसणं कमी करा, मग वेळ. गुडघा सुजला, अडकला किंवा वजन घेताना अचानक सुटला तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांकडे.

मला अंधारीची जास्त काळजी वाटते. बीपीच्या गोळीवर हे अंगावर काढू नका. आईंना पाच मिनिटं पडून राहू द्या, बीपी मोजा. मग उभं करा, पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला परत मोजा. तुम्ही बाजूला उभ्या राहा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर गोळीची वेळ किंवा मात्रा डॉक्टरांनी बघायला हवी. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

शिवाय दोन चाचण्या घरीच घ्या. साधारण ४३ सेंटीमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हातांची छातीवर घडी, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ७० ते ७४ वयाच्या बाईंना १० पेक्षा कमी जमलं तर पायांत ताकद कमी. दुसरी, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून १० सेकंद उभं राहणं. नाही जमलं तर पडण्याचा धोका जास्त. आधारासाठी प्लॅस्टिकची खुर्ची वापरू नका, कडेला भार आला की ती उलटते.

सेमिनरी_हिल्स

उपयोग होतो का, याचं उत्तर देते, कारण ते विचारणं योग्यच आहे.

चीनच्या हेनान प्रांतातल्या चेन गावापासून आलेली ही मूळची लढण्याची विद्या. २४ प्रकारांचा संच १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने यांग शैलीतून सर्वसामान्य लोकांसाठी बसवला. झिजलेल्या गुडघ्यांसाठी तो बसवलेला नव्हता. तोल सुधारण्यावरचा मोठा अभ्यास अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ७० वर्षांवरचे, पडण्याचा धोका असलेले ६७० लोक, आठवड्यातून दोनदा एकेक तास, २४ आठवडे. नुसतं ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत ताई ची गटात पडण्याचं प्रमाण ५८ टक्के कमी होतं, मिश्र व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत ३१ टक्के. आणि त्या कार्यक्रमाचा गाभा फक्त ८ प्रकारांचा होता! तेव्हा आईंना सांगा, प्रकार कमी केले म्हणून फायदा कमी होत नाही. सगळे अभ्यास एकत्र धरले तर आकडा इतका मोठा राहत नाही, कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात तो १९ टक्क्यांच्या आसपास आहे. तरीही घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याचं हाड वाचणार असेल तर हा फायदा मला मोठाच वाटतो.

गुडघ्यांबद्दल २०१६ चा बोस्टनचा अभ्यास आहे. झीज झालेले २०४ रुग्ण, १२ आठवडे, आणि ताई चीचा आराम फिजिओथेरपीच्या तोडीचा निघाला. २०१९ पासून अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या मार्गदर्शनात गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी ताई चीची ठाम शिफारस आहे.

हे घडतं कशामुळे, तर गती मंद असल्यामुळे. भरभर चालताना आपण अर्धवट झोकावर पुढे जातो, तोल सावरायची वेळ पायांवर फारशी येत नाही. मंद चालीत तो झोक मिळत नाही, घोटा, मांडी आणि खुबा यांना प्रत्येक क्षण धरून ठेवावा लागतो. मात्र हाडांची घनता वाढेल किंवा बीपीची गोळी सुटेल, या भरवशावर राहू नका. चालणं आणि खुर्चीतून उठबस सोबत हवीच.

प्रतापनगर_२२

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मोजलं. पडून १३८/८२, उभं राहिल्यावर पहिल्या मिनिटाला ११४/७४, तिसऱ्याला १२०/७६. खुर्चीतून ८ वेळा उठली. टाच-अंगठा ६ सेकंद, मग ओटा धरला. कागदाची कसोटी डाव्या पायावर वजन घेऊन जमते, उजव्यावर नाही. आता काय? आणि गच्चीवर करू दे की बागेत न्यावं?

खुबा-गुडघा-घोटा

वरचा आकडा २४ ने उतरतो. हेच आकडे कागदावर लिहून या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. तोपर्यंत उभं राहून काही करायचं नाही, बसून हात आणि कंबरेच्या हालचाली चालतील. डॉक्टरांनी हो म्हटल्यावरही पलंगावरून थेट सुरुवात नको. आधी दोन मिनिटं काठावर बसून घोटे २० वेळा वर-खाली हलवायचे, ग्लासभर पाणी, मग उठायचं.

८ वेळा म्हणजे मांड्या कमजोर आहेत. उभ्याने करायची परवानगी मिळाली की रोज खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, हात न लावता ५ वेळा उठबस, असे दोन फेरे. बसताना चार सेकंद घ्यायचे, धपकन बसायचं नाही. १२ जमायला लागल्या की उशी काढा. उजव्यावर वजन घेऊन कागद सुटत नाही तोवर त्या बाजूला टाचेपर्यंतच.

सावकाश

जागेचं सांगतो. उन्हाळ्यात गच्ची फक्त पहाटे, साडेपाच ते सव्वासहा. त्यानंतर आपल्याकडचं ऊन आणि बीपीची गोळी हे एकत्र नको. घरात कूलर चालू असेल तर त्याच्यासमोरची फरशी आधी हाताने चाचपून बघा. ओलावा डोळ्यांना दिसत नाही, पाऊल मात्र घसरतं. अंबाझरी किंवा जपानी गार्डनला नेलंत तरी पावसाळ्यात फरसबंदीवर शेवाळ धरतं, आणि गवतात खड्डा दिसत नाही. पहिले तीन महिने ओट्याजवळची जागाच उत्तम. डिसेंबर-जानेवारीत आठनंतर, आधी घरातल्या घरात पाच मिनिटं चालून.

अनवाणी आणि मोजे दोन्ही नकोत. पातळ, सपाट, न वाकणाऱ्या टाचेचे कापडी बूट घ्या. धावण्याच्या बुटांचा जाड मऊ तळ पावलाला जमीन कळू देत नाही.

शिकवणारे कोणी भेटले तर दोनच गोष्टी विचारा : गुडघा दुखणाऱ्याला खाली किती बसवता, आणि वळताना वजन कोणत्या पायावर ठेवायला सांगता. दुसऱ्याचं उत्तर अडखळत आलं तर आईंना तिथे पाठवू नका.

प्रतापनगर_२२

उद्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ओट्यासमोर रेघेवर रंगीत पट्टी चिकटवून ठेवली. आई विचारून राहिली, मागे चालताना आधी टाच की चवडा?

सावकाश

मागे चालताना चवडा आधी. मग टाच, मग वजन. आणि तेव्हा एक हात ओट्यावरच असू द्या.