बोटाच्या हाडातली पोकळी: सिंथेटिक ग्राफ्ट भरावं की आपलंच हाड?

करंगळीवाली
बहिणीच्या करंगळीचं हाड साधं दार ओढताना मोडलं, एक्सरेत एन्कॉन्ड्रोमा, म्हणजे हाडाच्या आत वाढलेली कूर्चेची गाठ, निघाला. मोडलेलं जुळलंय, आता डॉक्टर म्हणतात गाठ खरवडून काढू आणि पोकळीत सिंथेटिक बोन ग्राफ्ट, म्हणजे हाडाच्या जागी कृत्रिम मटेरियल, भरू. घरी मात्र सगळे म्हणतायत बाहेरचं काही नको, कमरेचं हाड घ्या. खरंच फरक पडतो का?

हाडवैदू
ऑर्थोमध्ये आहे म्हणून सांगतो. आपल्या हाडात जिवंत पेशी असतात, नवीन हाड बनवायला लावणारी प्रथिनं असतात. सिंथेटिक म्हणजे नुसती परांची, तिच्यावर चढून हाड तुमच्याच शरीराला बांधायचंय. पण करंगळीतली पोकळी केवढीशी, भिंती शाबूत, रक्तपुरवठा चांगला, तिथे परांचीवर भागतं. त्यासाठी कमरेला चीर कशाला, ती जागा बोटापेक्षा जास्त दुखते! आपलंच हवं असेल तर मनगटाजवळ रेडियसमधून (कोपर ते मनगट यातलं अंगठ्याच्या बाजूचं हाड) तेवढं निघतं. स्कॅफॉइड (मनगटातलं एक छोटं हाड) मोडून जुळत नसेल तर गोष्ट वेगळी, तिथे मी सिंथेटिकच्या भरवशावर राहणार नाही.

टाकेवाला
कुठलं मटेरियल ते विचारा हो, सगळं एकच नसतं. माझ्यात कॅल्शियम सल्फेट होतं, ते दीड ते तीन महिन्यांत विरघळतं, पण जखमेतून पांढरट पाणी यायला लागलं, मला वाटलं पू झाला, जाम टरकलो. दाखवून आलो तर इन्फेक्शन नव्हतं, या मटेरियलने होतं म्हणे असं कधीकधी. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट सावकाश विरतं, हायड्रॉक्सीअॅपटाइट तर वर्षानुवर्षं एक्सरेत पांढरं दिसत राहतं.

सहज_विचारते
काहीच नाही भरलं तर?

हाडवैदू
चालतं की! बरेच सर्जन खरवडून पोकळी तशीच सोडतात, लहान असेल तर हाड आपोआप भरतं. बोट हलवायला कधी सुरुवात करायची ते आधी ठरवून घ्या, ग्राफ्ट उत्तम आणि बोट आखडलेलं असं लय बघितलंय. आणि @टाकेवाला, पाणी आलं की दाखवायचंच, घरी बसून पू आहे की नाही ते ठरवायचं नाही.

करंगळीवाली
थँक्यू सगळ्यांना. रिकामी ठेवली तर चालेल का हे आमच्या डॉक्टरांना विचारते, हा पर्याय कोणी बोललंच नव्हतं. काढलेली गाठ तपासायला पाठवतात ना?

हाडवैदू
हो, बायोप्सीला जातेच. बहुतेक साधीच निघते, तरी रिपोर्ट मागून घ्या आणि जपून ठेवा.