आधी वही बघा, क्लासचं नंतर

सातवीतल्या मुलाला गणितात कमी मार्क पडले म्हणून आतापासूनच मोठ्या क्लासला टाकावं का, असा मूळ प्रश्न आहे. माझं मत: घाई नको. आधी त्याची वही उघडून बसा.

मी बरीच वर्षं घरी शिकवण्या घेतेय. नव्याने येणाऱ्या मुलांच्या वहीत एक चूक हमखास सापडते: −३ − ५ = +८. का रे? तर 'मायनस मायनस प्लस'! नियम गुणाकाराचा, पण पाठ करताना नेमकं तेवढंच गळून गेलं. मी मग वाण्याकडची उधारी काढते. कालचे ३ रुपये बाकी, आज आणखी ५ चं सामान उधार. आता? 'आठ द्यायचे.' द्यायचे म्हणजे प्लस की मायनस? पोरगा जीभ चावतो आणि खोडरबर शोधतो. चाळीस जणांच्या बॅचमध्ये हे कुणाला दिसणार? तिथे फळ्यावरचं उतरवून घेतात, वही कशी छान दिसते.

ह्या प्रश्नावर कुणीतरी ॲबॅकस (मण्यांच्या चौकटीवर हिशोब) सुचवलंय. हिशोबाचा वेग वाढेल, पण सातवीत गाडं अडतं ते अपूर्णांक आणि समीकरणांत. तिथे मणी काय करणार? (पाढे मात्र तीसपर्यंत हवेतच. ह्यात मी जुन्या वळणाची.)

शिकवणी लावायचीच तर चार-पाच मुलांची बघा. चुकलेलं गणित सर स्वतःच सोडवून देतात की मुलाला बोलतं करतात, हे विचारा. दहावीचे बीजगणित-भूमितीचे ४०-४० मार्कांचे पेपर अजून लांब आहेत.