मदत हवी आहे: पहिली ते चौथीच्या मुलांना संगीत 'ऐकायला' कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी,

पहिली ते चौथीच्या मुलांसाठी मी आठवड्यातून एकदा कलास्वादाचा तास घेते. चित्र काढायचं नाही, गायचंही नाही. फक्त बघायचं, ऐकायचं आणि त्यावर बोलायचं. चित्रांचं गाडं रुळावर आहे, संगीतापाशी अडलंय.

चित्राच्या तासाला मी चित्रकाराचं नाव आधी सांगत नाही. मुलं थोडा वेळ गप्प बघतात, मग तीनच प्रश्न: चित्रात काय चाललंय? कशावरून वाटलं? आणखी काय दिसतंय? यातला मधला प्रश्न सगळ्यात कामाचा. जपानी चित्रकार होकुसाईच्या चित्रात प्रचंड लाटेमागे छोटासा फुजी पर्वत आहे, तो आधी बहुतेकांना लाटच वाटतो. 'कशावरून?' विचारलं की वाद सुरू होतो, आणि एखादी मुलगी उठून सांगते, "ती लाट नाहीये, तिला बोटं नाहीत." फेसाची ती बोटं तोवर माझ्याही नजरेत इतकी भरली नव्हती! युरोपीय चित्रकार ब्रूगेलचं १५६० सालचं मुलांच्या खेळांचं चित्र लावलं तर तास पुरत नाही. दोनशेहून जास्त मुलं आहेत त्यात, प्रत्येकाला आपला खेळ शोधायचा असतो.

संगीतात मात्र सूर गेला की गेला, बोट ठेवून 'हे बघ' म्हणता येत नाही. रशियन संगीतकार प्रोकोफिएवची 'पीटर अँड द वुल्फ' (१९३६) ही वाद्यांतून सांगितलेली गोष्ट खास मुलांसाठीच रचलेली आहे. त्यात प्रत्येक पात्राचा आवाज ठरलेला: पक्षी म्हणजे फ्लूट, बदक म्हणजे ओबो, मांजर म्हणजे क्लॅरिनेट, लांडगा म्हणजे फ्रेंच हॉर्न. मुलं रमतात, पण गोष्टीत. शेवटी लांडग्याच्या पोटातून ओबो वाजतो, तेव्हा "बदक जिवंत आहे!" म्हणून ओरडतात, पण तो आवाज कसा होता विचारलं तर उत्तर येत नाही. फ्रेंच संगीतकार सँ-साँसचा 'हंस' हा तुकडा नाव सांगून लावला की सगळ्यांना हंसच दिसतो, न सांगता लावला की 'झोप येते'.

त्यातल्या त्यात दोन गोष्टी जमल्या. पेटीवर भूप रागाचे स्वर वाजवले (सा रे ग प ध), मग गंधाराच्या (ग) जागी मध्यम (म) घेऊन दुर्गा रागाचे, आणि विचारलं, काय बदललं? नावं माहीत नसताना पुष्कळांना नेमकी जागा सापडली. आणि सोळा मात्रांच्या तीनतालात नवव्या मात्रेला, म्हणजे टाळी न देण्याच्या जागी ('खाली'), हात उलटा करायचा खेळ. हात कामात असले की कान जागे राहतात, असं दिसतंय.

आता प्रश्न. ऐकलेल्याबद्दल बोलायला मुलांकडे 'छान', 'बोअर' आणि 'फास्ट' एवढेच शब्द आहेत. ते शब्द मी पुरवायचे की वाट बघायची? 'खरखरीत', 'टोकदार' असे शब्द मी दिले की पुढचे सगळे तेच म्हणतात. ऐकताना रेषा काढायला सांगावं, तर निम्मी मुलं घर आणि सूर्य काढतात, त्याला काय करता? तुम्ही एका वेळी किती मिनिटांचा तुकडा लावता? मी सध्या दोन मिनिटांचा, पण तोच तीनदा ऐकवते. आणि रचनेचं नाव, गोष्ट आधी सांगता की नंतर?

चौथीतला एक मुलगा चित्रावर एक शब्द बोलत नाही, पण तबला लागला की मान डोलवत मात्रा अचूक मोजतो. अशा मुलाचं कळणं प्रगतिपुस्तकात कसं लिहायचं? मला गुण द्यायचे नाहीत, पण पालकांना चार ओळी तरी हव्या असतात.

प्रत्यक्ष मुलांसोबत केलेलं काहीही चालेल, फसलेले प्रयोगसुद्धा सांगा.