ग्लायोब्लास्टोमा : किरणोपचारासोबत गोळ्याही घ्याव्यात का?

प्रश्न (नाशिकरोड) : काकांची ग्लायोब्लास्टोमाची (मेंदूच्या आक्रमक कर्करोगाची) शस्त्रक्रिया झाली असून डॉक्टर आता किरणोपचारासोबत टेमोझोलोमाइड या कर्करोगविरोधी औषधाच्या गोळ्या सुचवत आहेत. एकत्रित उपचारांनी आयुष्य खरोखर वाढते का?

उत्तर : वाढते, पण मर्यादित. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ५७३ रुग्णांच्या चाचणीत निव्वळ किरणोपचार घेणाऱ्यांचा मध्यक जीवनकाळ (ज्याहून निम्मे रुग्ण अधिक जगले) १२.१ महिने, तर दोन्ही घेणाऱ्यांचा १४.६ महिने होता; मला मात्र दुसरा आकडा अधिक बोलका वाटतो, कारण दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १०.४ वरून २६.५ टक्क्यांवर गेले.

दुसरे उत्तर : गाठीच्या नमुन्याची एमजीएमटी (औषधाने केलेली डीएनएची हानी दुरुस्त करणारे जनुक) तपासणी झाली का, हे अवश्य विचारा. मिथिलेशनमुळे (जनुकावर बसलेल्या रासायनिक खुणेमुळे) ते जनुक निष्क्रिय असल्यास गोळ्यांचा लाभ अधिक होतो.

प्रश्नकर्ता : अहवालात तसा उल्लेख नाही; उद्याच विचारतो.