मदत हवी आहे: मराठी वाचनासाठी बोलका पेन कोणी वापरलाय का?

नमस्कार मंडळी,

लेक साडेचार वर्षांची. मामाने वाढदिवसाला इंग्रजी अक्षरांचं बोलतं खेळणं दिलं. बटण दाबलं की 'ई फॉर एलिफंट', मग गाणं. महिन्याभरात सव्वीस अक्षरं पाठ! आम्ही खूश. परवा वहीत इंग्रजी 'ई' काढून दाखवला, तर म्हणते, "हा कंगवा आहे." म्हणजे अक्षर नाही, बटणाची जागा पाठ झालीय. हिरव्याशेजारचं पिवळं म्हणजे एलिफंट.

म्हणून देवनागरीचा बोलका तक्ता आणला, तो निघाला हिंदी. कबुतराचा क चालवून घेतला असता, पण त्यात ळ नाहीच आणि ज्ञ दाबला की 'ग्य'. लेक आजीला विचारते, "तुझी ग्यानेश्वरी कुठाय?" आजीने तक्ता कपाटावर टाकलाय. शिवाय चमच्याचा च वेगळा, चिमणीचा वेगळा, हे त्या डबीला कोण सांगणार?

आता बोलक्या पेनावर डोळा आहे. १९९९ साली अमेरिकेत लीपफ्रॉग कंपनीचं लीपपॅड हे बोलतं खेळणं आलं, त्यात पुस्तक पाटीवर ठेवून लेखणी टेकवायची. हल्लीच्या पेनाच्या टोकाशीच कॅमेरा असतो आणि तो पानावर छापलेले जेमतेम दिसणारे ठिपके ओळखतो, मग पेन बोलतो. त्यामुळे असे ठिपके नसलेली घरची अंकलिपी त्याच्यापुढे मुकीच. पण काही पेनांसोबत स्टिकर मिळतात, त्यांवर आपला आवाज भरता येतो.

आवाज द्यायला आजी एका पायावर तयार आहे. पण 'कमळ' सलग भरावं, की आधी क, म, ळ सुटं? सलग भरलं तर पुन्हा पाठांतरच होईल, ही धास्ती. स्टिकर निघून येतात का? आवाज कमी करता येतो ना? (दोन खोल्यांच्या घरात हत्तीचं गाणं पुरे झालंय.) मोबाइल, टॅब कृपया सुचवू नका.

प्रतिसाद:

आमच्या मुलासाठी हेच केलं होतं. स्टिकर अक्षरावर लावूच नका, पानाच्या मागे लावा. आधी त्याने बोट ठेवून वाचायचं, मग पान उलटून पेन टेकवायचा आणि बरोबर आलं का ते ऐकायचं. शब्द सलगच भरला. सुरुवात घर, नळ, मगर अशा बिनकाना-मात्रेच्या शब्दांनी केली. स्टिकर टिकतात, पण जॅमचं बोट लागलं की पेन गप्प. आवाजाची बटणं आमच्या पेनाला होती. घेताना दुकानातच दाबून बघा.