ऑफिसचा कॉम्प्युटर: नवा घ्यायचा की नुसती हार्डडिस्क बदलायची?

कुलकर्णी, सेक्रेटरी (ए-२०२): नमस्कार मंडळी 🙏 सोसायटी ऑफिसमधला कॉम्प्युटर सुरू व्हायलाच आता पंधरा मिनिटं घेतो. टॅली उघडेपर्यंत मॅनेजरचा चहा पिऊन होतो. या महिन्याची मेंटेनन्सची बिलं त्यामुळेच रखडली. नव्या कॉम्प्युटरचं ४१ हजारांचं कोटेशन आलंय. कमिटीपुढे ठेवण्याआधी कोणाला काही सुचवायचं असेल तर सांगा.

पाटील (बी-२०४): घेऊन टाका. २०१२ मधलं मशीन आहे ते. किती ओढणार?

सावंत (ए-१०१): ४१ हजार??? मागच्या सभेत लिफ्टच्या रोपसाठी पैसे नाहीत म्हणत होतात.

देशमुख, खजिनदार (सी-४०१): सावंत काका, लिफ्टचा विषय दुरुस्ती फंडातला. तो इथे नको.

ओंकार (बी-५०३): कुलकर्णी काकू, मॅनेजरनी सांगितलं म्हणून मी काल जाऊन बघून आलो. नवा लगेच घ्यायची गरज नाही. प्रोसेसर आय३ आहे, सेकंड जनरेशनचा. टॅली, नोटिसा आणि प्रिंटरला तो अजून पुरतो. टास्क मॅनेजर उघडून बसलो होतो. प्रोसेसर दहा-बारा टक्क्यांच्या वर जात नव्हता आणि डिस्क सलग १०० टक्के. सगळं मशीन हार्डडिस्कसाठी खोळंबलंय.

सावंत (ए-१०१): मग डिफ्रॅग मारा की. आम्ही ऑफिसात दर शनिवारी करायचो, मशीन पळायचं.

ओंकार (बी-५०३): काका, आता चुकूनही नको. डिस्क आजारी आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या प्रोग्राममध्ये पिवळा शेरा येतोय. 'करंट पेंडिंग सेक्टर' या ओळीत शून्य हवं, तिथे आकडा दिसतोय, म्हणजे काही जागा डिस्कला धड वाचताच येत नाहीयेत. मधूनच टिकटिक करते ती त्यामुळेच असणार. डिफ्रॅग म्हणजे सगळा डेटा इकडचा तिकडे हलवणं. त्यातच मान टाकेल ती.
माझं म्हणणं, ही काढून एसएसडी बसवू, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी, न फिरणारी डिस्क. ती आली की डिफ्रॅग विसरायचं. तिला लागते ती साफसफाई विंडोज आपली आपण करतं.

शिंदे (सी-३०२): पांढरी वॅगनआर गेटसमोर कोणाची आहे? टँकर अडकलाय.

पाटील (बी-२०४): ओंकार, एवढ्या जुन्या मदरबोर्डावर एसएसडी चालते का? माझा भाचा म्हणतो त्याला स्लॉटच नसतो.

ओंकार (बी-५०३): भाचा बरोबर सांगतोय, पण तो एम डॉट टू नावाच्या पट्टीसारख्या एसएसडीबद्दल बोलतोय. तो स्लॉट आपल्या बोर्डावर नाही. आपण साध्या साटा केबलची अडीच इंची घ्यायची. बोर्ड एच६१ चिपसेटचा आहे, त्यावरचे चारही साटा पोर्ट जुन्या ३ गिगाबिटचे. साटा एसएसडी नव्या बोर्डावर सेकंदाला साडेपाचशे एमबीपर्यंत जाते, इथे अडीचशे-पावणेतीनशेवर अडकेल. अडकू दे. विंडोज उघडताना हजारो बारीक फायली वाचतं, खरा वेळ तिथे जातो. जुनी डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद, शिवाय हेड सरकायला आणखी आठ-नऊ. एसएसडीत फिरणारं काही नाही, तेच काम साधारण ०.१ मिलिसेकंदात उरकतं. पोर्ट जुना असला तरी हा फरक मिळतोच.
दुकानात "कार्ड टाकून एनव्हीएमई बसवून देतो" असं सांगतील, म्हणजे तसलीच पट्टीवाली वेगवान एसएसडी. त्या नादी लागायचं नाही. या पिढीच्या बहुतेक बोर्डांचा बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) त्यावरून विंडोज सुरूच करत नाही.

देशमुख, खजिनदार (सी-४०१): माझी काळजी डेटाची आहे. ऑडिट तोंडावर आलंय.

कुलकर्णी, सेक्रेटरी (ए-२०२): आणि फॉन्टची! मागे एका मेकॅनिकनं न विचारता फॉरमॅट मारला. जुन्या मराठी नोटिसा आणि सभेची इतिवृत्तं उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. श्रीलिपी हे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर परत टाकेपर्यंत काही वाचता येत नव्हतं.

ओंकार (बी-५०३): काकू, म्हणूनच फॉरमॅट नाही करायचा, क्लोन करायचा. आहे तसं विंडोज, फॉन्ट, प्रिंटर, टॅली, सगळं नव्या डिस्कवर उतरवायचं. युनिकोडच्या आधीच्या फायलींना ज्या फॉन्टमध्ये टाईप केलं तोच फॉन्ट लागतो, नाहीतर तुम्हाला दिसलं तसंच दिसणार. तरी फॉन्टचं फोल्डर मी वेगळं पेन ड्राइव्हवर काढून ठेवतो. श्रीलिपीचा डोंगल (लायसन्सची छोटी किल्ली) मागच्या यूएसबीत आहे, तो कोणी काढू नका.
टॅलीचं लायसन्स मशीनशी बांधलेलं असतं. डिस्क बदलली की ते रुसू शकतं. आधी टॅलीतूनच 'सरेंडर' करायचं आणि नव्या डिस्कवर परत अ‍ॅक्टिव्हेट करायचं. सिरियल नंबर आणि पासवर्ड कोणाकडे आहे?

देशमुख, खजिनदार (सी-४०१): माझ्याकडे. ईमेल आयडी मात्र आधीच्या खजिनदारांचा आहे. त्यांना फोन करते.

ओंकार (बी-५०३): हे आधी करा काकू. बाकी सगळं एका दुपारचं काम आहे, हे अडलं तर सगळं अडेल.
क्लोनच्या आधी टॅलीचा बॅकअप आणि ऑफिसचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घेऊ. आजारी डिस्कचा क्लोन करताना तिच्यावरचा सगळा डेटा सलग वाचला जातो, ती मध्येच बंद पडली तर हातात काही राहायला नको का? तुमच्या लॅपटॉपवर टॅली आहे ना? तिथे बॅकअप रिस्टोअर करून मार्चअखेरचा बँक बॅलन्स जुळतो का बघा. जुळला की मगच मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतो.

जोशी (ए-३०४): ऑनलाइन ४८० जीबीची स्वस्त दिसतेय. आपली ५०० ची आहे, भरलीय किती? तेवढी पुरेल ना?

ओंकार (बी-५०३): भरलीय जेमतेम १४० जीबी. पण ४८० घेऊ नका काका. विंडोजमध्ये ५०० ची डिस्क ४६५ दिसते आणि ४८० ची ४४७. क्लोन करायच्या क्लोनझिला प्रोग्रामला नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी लागते, नाहीतर तो नकार देतो. मग आधी डी ड्राइव्ह आकसून घ्या, आणि तेही आजारी डिस्कवर! ५०० किंवा ५१२ घेतली की कटकट मिटली. भाव मध्यंतरी बरेच चढलेत, दुकानात विचारूनच आकडा कळवतो. तरी ४१ हजारांच्या आसपासही जाणार नाही.
सोबत सीआर२०३२ सेल आणतो. मॅनेजर म्हणतात रोज सकाळी तारीख चुकलेली असते. तो बोर्डावरचा सेल संपलाय. तारखेबरोबर बायोसचं सेटिंगही पुसलं जातं. डिस्कचा मोड एएचसीआयवरून आयडीईवर उडाला तर विंडोज निळा स्क्रीन दाखवून थांबेल आणि सगळे म्हणतील ओंकारनं बिघडवला 😄

पाटील (बी-२०४): सगळं ठीक. पण विंडोज १० चा सपोर्ट संपलाय ना? त्यावर पैसे घालायचे?

ओंकार (बी-५०३): पाटील काका, यात तुमचं बरोबर आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला निदान आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आपला दुसऱ्या पिढीचा, त्यामुळे सरळ मार्गानं ते बसणार नाही. म्हणून त्या मशीनवर नेट बँकिंग बंद करायचं. ते देशमुख काकूंच्या लॅपटॉपवरून. टॅली आणि नोटिसांपुरता वर्ष-दोन वर्षं तो चालेल. पुढे नवा घ्याल तेव्हा हीच एसएसडी काढून त्यात लावता येईल, म्हणजे डिस्कचे पैसे पाण्यात जात नाहीत. रॅमचं तसं नाही. ती डीडीआर३ आहे, नव्या मशीनला चालत नाही. म्हणून रॅमवर खर्च नको. माझ्याकडे जुनी ४ जीबीची कांडी पडून आहे, बसली तर बसवतो.

सावंत (ए-१०१): शाब्बास.

शिंदे (सी-३०२): जुनी हार्डडिस्क सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला लावूया का? तिथे रेकॉर्डिंग आठवडाभराचंच राहतं.

ओंकार (बी-५०३): नको शिंदे दादा. डीव्हीआर दिवसरात्र लिहीत असतो, ही तिथे टिकणार नाही. चोरी व्हायची आणि नेमकं त्या दिवसाचं फुटेज नसायचं. डीव्हीआरसाठी वेगळ्या डिस्क मिळतात, तो खर्च वेगळा मांडा.

जोशी (ए-३०४): मग भंगारात?

देशमुख, खजिनदार (सी-४०१): अजिबात नाही! सगळ्यांचे पॅन, आधार, नॉमिनेशन फॉर्म स्कॅन करून ठेवलेत त्यात.

ओंकार (बी-५०३): ऑडिट होईपर्यंत ती ऑफिसच्या कपाटात राहू दे. क्लोन झाल्यावर तिची केबल काढूनच नवीवर पहिलं बूट करायचं, नाहीतर दोन सारख्या डिस्कांत विंडोजचा गोंधळ होतो. ऑडिटनंतर ड्रिलनं प्लेटला आरपार भोकं पाडू आणि मग ई-कचऱ्यात देऊ. ड्रिल मशीन सावंत काकांकडे आहे.

सावंत (ए-१०१): आहे. बिट तुझी तू आण. आणि बिल पक्कं घे, सोसायटीच्या नावावर. मागच्या वेळी प्रिंटरचं बिल कच्चं होतं, ऑडिटरनी शेरा मारला होता.

ओंकार (बी-५०३): हो काका. शनिवारी सकाळी लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर मार्केटला जातोय, ग्रँट रोडला उतरलं की पाच मिनिटांत. डिस्क, साटा केबल, सेल, तिन्हींचं एकच बिल. अडीच इंचीला खाली पत्र्याचा ब्रॅकेट मिळाला तर घेतो, नाहीतर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. फिरणारं काही नसल्यानं हलली तरी बिघडत नाही.

पाटील (बी-२०४): ठीक आहे, माझी हरकत नाही. ४१ हजारांचं कोटेशन फाडू नका मात्र.

कुलकर्णी, सेक्रेटरी (ए-२०२): ठरलं तर. दोन गोष्टी: देशमुख वहिनी, टॅलीचा ईमेल आयडी शुक्रवारपर्यंत मार्गी लावा. शनिवारी दुपारी ऑफिसचं काम बंद राहील. एनओसी किंवा पावती हवी असेल त्यांनी शुक्रवारी सात वाजायच्या आत न्या. शनिवारी बेल वाजवलीत तरी मॅनेजर काही देऊ शकणार नाही.