नोसिसेप्टरला मराठीत काय म्हणायचं?

ओंजळ:
संधिवाताच्या पेशंटसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतेय. नोसिसेप्टरला, म्हणजे इजेची खबर देणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना, मी 'वेदनाग्राही' लिहिलं तर तपासणाऱ्या डॉक्टरांनी काट मारली. म्हणाले, त्या टोकांना वेदना होतच नाही, इथं इजा होतेय किंवा होईल एवढाच निरोप त्या वर पाठवतात, वेदना तयार होते मेंदूत. मग 'इजाग्राही' लिहू का? वाचणारे साठीच्या पुढचे आहेत, उद्या द्यायचंय.

रानवारा:
डॉक्टरांचं बरोबर आहे. वेदना विद् वरून, म्हणजे जाणणं. पालीत तर वेदना सुखाचीपण असते, दुःखाचीपण आणि दोन्ही नसलेलीपण. आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टनने १९०६ मध्ये मूळ शब्द वापरला तोही लॅटिनमधल्या 'इजा करणे' वरूनच. इजाग्राहीच लिहा.

मुळाक्षर:
इजा अरबी, ग्राही संस्कृत, असा संकर कशाला? क्षतिग्राही करा.

रानवारा:
जिल्हाधिकारी चालतो ना? जिल्हा अरबीच आहे.

सोलापूरची आक्का:
मी ३० वर्षं वॉर्डात सिस्टर होते. 'वेदना होतायत का' विचारलं की पेशंट नुसतं बघत राहायचा, 'दुखतंय का' म्हणलं की मग सगळं बाहेर यायचं, सणक मारतीय, ठसठसतंय, आग होतीय, मुंग्या आल्यात. त्या पत्रकात हे शब्द घाला, ग्राही कुणी वाचणार नाही.

निशिगंध:
आक्का, अगदी खरं. ठेच लागली की आधी सणक जाते आणि क्षणभराने ठणका सुरू होतो, हे दोन वेगळे तंतू आहेत. सणकेच्या ए-डेल्टा तंतूवर मायलिनचं, म्हणजे चरबीयुक्त पदार्थाचं, पातळ आवरण असतं, निरोप सेकंदाला ५ ते ३० मीटर पळतो. ठणक्याचे सी तंतू उघडे, तिथं सेकंदाला जेमतेम मीटरभर. पायाच्या अंगठ्यापासून वर यायला म्हणून वेळ लागतो. भाषेनं हे आधीच वेगळं करून ठेवलंय याचं मला फार अप्रूप वाटतं.

सोलापूरची आक्का:
ठणका नव्हे तो. ठणका गळवाचा, नाहीतर रात्री दाढेचा, नाडीबरोबर उडतो. ठेचेनंतरची ती कळ.

मुळाक्षर:
कळ येते आणि जाते, बाळंतपणात येते तशी. ठेचेनंतरचं दुखणं टिकून राहतं, त्याला कळ कसं म्हणता?

रानवारा:
मला वाटतं कळ आणि कळणे एकच असावेत. जाणणं म्हणजेच दुखणं, वेदनेसारखंच. कळवळणेही बघा.

मुळाक्षर:
अक्षरं जुळली म्हणून व्युत्पत्ती होत नाही. पुरावा द्या.

निशिगंध:
झोंबणे कुठे बसवायचं मग? मिरची झोंबते आणि चटका बसतो, मराठीत शब्द दोन पण शरीरात ग्राही एकच, साधारण ४३ अंशाला उघडतो तोच तिखटानेही उघडतो. डेव्हिड ज्युलियसना २०२१ चं नोबेल त्याच शोधासाठी मिळालं. पण आपल्याकडे थंड वारापण झोंबतो आणि थंडीचा ग्राही वेगळा आहे.

ओंजळ:
इजाग्राही की क्षतिग्राही, कुणीतरी सांगा ना.

सोलापूरची आक्का:
बोलणंपण झोंबतं की. आणि कमरेत भरते ती चमक, तिला सणक म्हणू नका कुणी.

रानवारा:
आमच्याकडे तिला उसण म्हणतात, उसण भरली.